रांजणातले शिंगूर

मोहतुऱ्याची सुमित्राबाई मासोळीपायी पोटच्या पोरीला विसरली, असं लोक बोलायचे. बोलणाऱ्याच्या तोंडाला झाकण थोडंच घालता येतं? पण त्या बोलणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या घरी पुढे तिच्याच दारातून शिंगूर गेला, हे मात्र कुणी चारचौघांत कबूल करत नाही. म्हणून म्हटलं, आपणच एकदा सगळं सांगून टाकावं.

मोहतुरा म्हणजे गोंदियाकडे, केशोरीच्या पुढे, जंगलाच्या अंगाला, धानाच्या बांध्यांमधलं, भातखाचरांमधलं म्हणा, लहानसं गाव. गाव लहान आणि तलाव मोठा, अशी तिथली तऱ्हा. मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, पणजोबानं तो बांधला. पाळीवर मोहाची जुनी झाडं, पाळीखाली धानाच्या बांध्या, आणि पूर्वेच्या कोपऱ्यात पोयनीची, म्हणजे पाणकमळांची, फुलं. त्या कोपऱ्यात देवधान उगवायचं. हे धान कुणी पेरत नाही, ते पाण्यात आपलं आपण येतं. उपासाच्या दिवशी बाया टोपल्या घेऊन कंबरभर पाण्यात शिरायच्या आणि देवधानाच्या लोंब्या झोडून आणायच्या. त्या गचपणात मासोळी किती असायची म्हणता! मरळ, वाघूर, बोटरी, आणि आपला शिंगूर.

ज्यांनी शिंगूर पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. वीतभर लांबीचा, काळपट, अंगावर खवले नाहीत, तोंडाला मिशा आणि गालाशी दोन काटे. काटा लागला की मिशाळ गडीसुद्धा आईला हाक मारतो. उन्हाळ्यात तलाव आटला तरी हा बेटा मरत नाही, ओल्या चिखलात दडून राहतो. घोटभर पाण्यातही वर तोंड काढून हवा पितो आणि जगतो. असा चिवट म्हणूनच तो बाळंतिणीचा. शिंगुराचा रस्सा पोटात गेला की बाळंतिणीला रक्त भरतं, दूध उतरतं. वैद्य काय म्हणेल ते म्हणो, मोहतुऱ्यात ह्या गोष्टीवर कधी वाद झाला नाही.

आणि त्याची एक रीत होती. पहिलटकरीण लेक माहेरी आली की त्याच आठवड्यात दारातल्या रांजणात चार-पाच शिंगूर सोडायचे. तळाशी थोडा तलावाचा गाळ, वर पाणी, रोज मूठभर कोंडा, आणि रांजणाच्या तोंडाला ओलं फडकं बांधायचं, नाहीतर रात्रीतून उडी मारून अंगणात पडतात. कुणाच्या रांजणावर ओलं फडकं दिसलं की गाव समजून जायचं, ह्यांच्या घरी पाळणा हलणार. कुणाला विचारावं लागत नसे.

सुमित्राबाईनं स्वतः तीनदा तो रस्सा खाल्लेला, एकदा आईच्या आणि दोनदा सासूच्या हातचा. तीन बाळंतपणांतून जगली एक रुख्मा. सत्तेचाळीस साली रुख्मा बारा-तेरा वर्षांची असेल. त्या साली झेंड्याच्या दिवशी केशोरीला सगळं गाव गेलं होतं, पण ह्या दोघी मायलेकी गेल्या नाहीत. शेजारची लेक माहेरी आलेली होती, तिच्या रांजणासाठी शिंगूर हवे होते. देवधानात उभं राहून सुमित्राबाईनं पोरीला शिंगूर धरायला शिकवलं. आधी हाताला चुलीतली राख चोळायची, मग डोक्यामागून, काट्याच्या मागे धरायचं. पहिल्याच खेपेला रुख्माला काटा लागला आणि तिनं रडून तलाव डोक्यावर घेतला. सुमित्राबाई म्हातारपणीसुद्धा त्या दिवसाचं नाव निघालं की हसायची. देश सुटला त्या दिवसाची तिची आठवण ती एवढीच.

पुढे रुख्माचं लग्न झालं, भुरसीटोल्याला दिली. तीनच कोस, पण सासू सुशीलाबाई मोठी कडक. रीतभात सांभाळणारी, आणि दुसऱ्याकडूनही सांभाळून घेणारी.

मधल्या काळात मालगुजारी गेली. तलाव सरकारचा झाला म्हणे. म्हणजे नेमका कुणाचा, हे गावात कुणालाच कळेना. मालगुजाराच्या वेळी गाळ कधी काढायचा, मासोळी कधी धरायची, सगळं ठरलेलं. आता विचारायचं कुणाला? मग गावच्या चार शहाण्यांनी ठरवायचं, असं ठरलं, आणि त्या चौघांत पुढे होता बिसनलाल.

बिसनलाल पोवार, गावातला मोठा शेतकरी. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवतो. दिलदार, सगळ्यांच्या कामाला धावणारा, पण डोक्यात एक गोष्ट शिरली की ती पुरी होईस्तोवर जेवणार नाही असा. तो बालाघाटकडे मेहुण्याकडे गेला आणि तिकडच्या तलावात त्यानं रोहू आणि कतला पाहिले. मांडीएवढे मासे! आला तो तेच घोकत. बंगालातून ह्या माशांची पिल्लं रेल्वेनं मडक्यातून येतात, गोंदियाच्या टेसनावर उतरतात, आपणही आणू. चावडीवर त्यानं सगळ्यांना बसवलं.

"पण भाऊ, एक काम पह्यले करा लागते," तो म्हणाला. "तलावात मरळ आहे, वाघूर आहे, शिंगूर आहे. हे सारे पिल्लं खाऊन टाकतेत. पह्यले तलाव साफ, मंग बीज."

साफ करायचा कसा, तर मोहाच्या बियांचं तेल गाळून घाण्यावर जी ढेप उरते, ती पाण्यात कालवायची. मासोळी गुंगून वर येते आणि मरते. त्या माशाला खाल्लं तरी माणसाला काही होत नाही, आणि ढेप पुढे खत होते. बिसनलालच्या मेहुण्याकडे असंच केलेलं.

कवडू ढिवर मागे उकिडवा बसला होता. तलावाची मासोळी धरणं हेच त्याच्या घराण्याचं काम. तो म्हणाला, "आपली मासोरी पुरी मारून टाकली त उद्या कोठून आनाल जी?"

ह्यावर उत्तर दिलं ते सुमित्राबाईच्या नवऱ्यानं, बकारामनं. "काऊन घाबरून राहिला गा कवडू? मरळ मरन, वाघूर मरन. शिंगूर कायले मरते? चिखलातला मासा तो. उन्हाळाभर चिखलात जगते, त ढेपीनं काय होते त्याले? पानी आलं का येते वर."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बकारामचं बोलणं खोटं नव्हतंच मुळी. वाडवडिलांपासून पाहिलेलं होतं ते. तलाव कोरडा ठक्क पडतो, वरून बैलगाड्या जातात, आणि पुन्हा पाणी भरलं की शिंगूर हजर. ज्यानं शिंगुराला असं मरणाला पुरून उरताना पाहिलं नाही, त्यानं कदाचित चार शिंगूर बाजूला काढून ठेवले असते. मोहतुऱ्याच्या लोकांना ते सुचलंच नाही, कारण त्यांना शिंगूर फार चांगला माहीत होता.

त्रेपन्न सालचा वैशाख. तलावात मधोमध कंबरभर पाणी, भोवती चिखल. त्याच दिवसांत रुख्मा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, दारात रांजणावर ओलं फडकं होतं, आत पाच शिंगूर. गाड्या भरभरून ढेप आली. लोकांनी ती पाण्यात कालवली, आणि मेलं कुणाच्या डोक्यातून निघालं कोण जाणे, उरलेली चिखलावरही पसरली, खत होईल म्हणून. दुसऱ्या दिवशी तलाव पांढरा दिसत होता. मरळी, वाघूर, बोटऱ्या, सगळ्यांची पोटं वर. गावानं दोन दिवस मासोळी खाल्ली, वाळवली, पाहुण्यांना वाटली. घराघरांत तळणाचा वास. तिसऱ्या दिवशी चिखलातून शिंगूर वर यायला लागले. ते तोंड उघडून काठाशी पडले आणि तिथंच मेले, इतके की कावळ्यांनाही संपेनात. ढेपीचं पाणी चिखलात खोलवर मुरलं होतं.

"थोडे राहिले असतीन खाली," बकाराम म्हणाला आणि काठीनं चिखल उकरू लागला.

पाणी आलं. तलाव भरला. बिसनलालनं गोंदियाच्या टेसनावरून बैलगाडीतून मडकी आणली, वाटभर मडक्यातलं पाणी हातानं ढवळत बसला, डोळ्याला डोळा लागला नाही. बीज सोडलं. पण शिंगूर काही वर आला नाही. ते सगळं पुढचं. त्याच्या आधी, ज्येष्ठात, सुमित्राबाईच्या घरी जे झालं त्याकडे आता यायला हवं.

रुख्माला मुलगी झाली. बाळंतपण अडलं, रक्त फार गेलं. पोरगी पांढरीफटक पडून होती. दाईनं सांगितलं, पाचवीच्या दिवसापासून शिंगुराचा रस्सा सुरू करा. त्यात सांगण्यासारखं काय होतं? रांजण दारातच होता.

पाचवीच्या सकाळी कवडू दारात आला. रांजणाजवळ उभा राहिला, फडकं किंचित उचलून आत बघितलं.

"बाई, साऱ्या तलावात जाळं टाकून पाह्यलो. चिखल उकरून पाह्यलो. एक बी नाई," तो म्हणाला. "हे पाचच उरले आपल्या गावात."

"भुरसीटोल्याहून आनता येतीन," सुमित्राबाई म्हणाली.

"त्यायचा तलाव चैतातच आटला, लोकायनं शिंगूर खनून खाल्ले. आन पुढच्या साली त्यायले बी रोहू पायजेत. बिसनलालभाऊकडे मानसं येऊन राहिले पुसाले. जो तो आपआपला तलाव साफ करन, बाई. मंग कोठचे आनाल?"

एवढं बोलून तो गेला. काही मागितलं नाही, काही सुचवलं नाही. सुमित्राबाईला वाटलं, मेल्यानं मागितलं असतं तर बरं झालं असतं. नाही म्हणून मोकळी झाली असती.

ती चुलीतली राख घेऊन रांजणाशी बसली. हाताला राख चोळली, आत हात घातला आणि पहिला हाताशी लागला तो वर काढला. मादी होती. पोट टच्च फुगलेलं, गाभोळी भरलेली. आत खोलीत तान्ही रडत होती, रुख्मा कण्हत होती, आणि हातात ही दुसरी अवघडलेली. मादीनं एक हिसका दिला, काटा सुमित्राबाईच्या अंगठ्याच्या मुळात गेला. कळ खांद्यापर्यंत चढली. तिनं मासोळी सोडली नाही, अलगद रांजणात ठेवली आणि फडकं बांधलं. मग भिंतीला टेकून रडली. काट्याच्या कळेनं रडली की कशानं, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

त्या दिवशी रस्सा झाला तो वाळलेल्या झिंग्यांचा. जवसाचं तेल, लसूण, मिरे, सगळं रीतीप्रमाणे. सुमित्राबाईनं वाटी लेकीच्या हातात दिली. रुख्मानं एक घोट घेतला आणि वर पाहिलं.

"माय, शिंगूर कोठी आहेत?"

"मेले व बाई," सुमित्राबाई म्हणाली. "ऊन लय होतं. मेले सारे."

रुख्मानं वाटी संपवली. खरं सांगून टाकलं असतं तर कदाचित पोरगी रुसली असती, दोन दिवस बोलली नसती, आणि विसरली असती. पण सुमित्राबाई खोटं बोलली, आणि तिला खोटं बोलण्याची सवय नव्हती. रांजण तिनं अंगणातून उचलून गोठ्यात नेऊन ठेवला. तेवढं मात्र सुचलं बाईला.

बाळ बघायला बिसनलालची बायको सुंदरबाई आली. मनानं निर्मळ, पण पोटात काही राहत नसे. गोठ्याकडून आली आणि येतायेताच म्हणाली, "सुमित्राबाई, रांजणातले शिंगूर मस्त वळवळून राहिले व. आमच्या घरच्यायनं सारे मारून टाकले, तुमच्याकडे तरी आहेत. कधी करता रस्सा?"

खोलीत रुख्मा भिंतीला टेकून बसली होती. तिनं आईकडे बघितलं, आणि सुमित्राबाईला दुसरीकडे बघावं लागलं.

सुंदरबाई गेल्यावर रुख्मा म्हणाली, "मासोरीपेक्षा मी सस्ती झाली का, माय?"

सुमित्राबाईनं मग सगळं सांगितलं. कवडू काय बोलला ते, पाचच उरले ते, ती मादी. पण खोट्यानंतर आलेलं खरं कोण ऐकतं? रुख्माला दूध कमी आलं. शिंगूर न खाल्ल्यानं आलं की रक्त गेल्यानं, देव जाणे. तान्हीला शेळीचं दूध पाजावं लागलं. सुशीलाबाई नात बघायला आल्या, त्यांना सगळं समजलं, आणि त्यांनी एकच वाक्य टाकलं, "आमच्या सुनेले आमच्या घरी रस्सा भेटन." सव्वा महिना व्हायच्या आधीच रुख्मा गाडीत बसून गेली. जाताना आईच्या पाया पडली, पण वर बघितलं नाही.

बकाराम महिनाभर बायकोशी नीट बोलला नाही. बोलणार कोणत्या तोंडानं? चिखलातला मासा मरत नाही, हे चावडीवर तोच बोलला होता.

पाऊस लागला तसं सुमित्राबाईनं ते पाच शिंगूर आपल्या शेतातल्या बोडीत सोडले. बोडी म्हणजे शेतापुरतं छोटं तळं, धानाला एखादं पाणी देण्यापुरतं. मोठ्या तलावाच्या पूर्व कोपऱ्यातलं देवधान आणि पोयनीचे कांदे तिनं उपटून आणले आणि बोडीत लावले, कारण शिंगूर त्या गचपणातच अंडी घालतो. शेजारपाजारचे हसले. लोक बोडीतलं गवत काढतात, ही बाई लावते. बकाराम म्हणाला, "बोडी गवतानं भरन, पानी कमी मावन, धानाले काय देऊ?" दुसऱ्या दिवशी तोच पोयनीचे दोन कांदे खांद्यावर टाकून आला, आणि कुणी न विचारता म्हणाला, "वाटेत पडले होते."

पुढचा उन्हाळा आला, बोडी आटली, शिंगूर चिखलात शिरले. आता राखण कोण करणार? चिखल उकरून शिंगूर काढणं हा गावच्या पोरांचा उन्हाळ्याचा धंदा. सुमित्राबाईनं काय करावं? तिनं बोडीच्या काठी एक गोटा उभा केला, त्याला शेंदूर फासला, वर एक हिरवी चोळी ठेवली आणि गावाला सांगितलं, इथं सटवाई बसली आहे, चिखलात फावडं मारलं तर तिचा कोप होईल. सटवाई म्हणजे तान्ह्या लेकराचं नशीब लिहिणारी, तिच्या वाटेला कोण जातं? पोरं लांबूनच हात जोडायला लागली. दोन-तीन वर्षांत तर बाया तिथं नारळ फोडायला लागल्या. सुमित्राबाईलाही हळूहळू तिथं हात जोडायची सवय लागली. एकदा बकारामनं विचारलं, "तूच बसवलीस, आन तूच पाया पडतेस?" ती म्हणाली, "बसवली खरी. आता बसली असन त?"

तलावात रोहू मोठे झाले. खोटं कशाला बोलायचं, चव चांगली होती. बिसनलालनं पहिल्या खेपेला घरोघरी वाटे पोचवले, सुमित्राबाईच्या घरीही आला. तिनं घेतला, केला, खाल्ला. पण बाळंतिणीला कोण देणार? जड मासा तो. कवडू म्हणाला तसंच झालं. भुरसीटोल्याचा तलाव साफ झाला, पुढच्या वर्षी पलीकडच्या दोन गावांचे. गावागावांतल्या रांजणांवरची ओली फडकी दिसेनाशी झाली. कुणाच्या घरी पाळणा हलणार हे आता विचारल्याशिवाय कळेना. मला विचाराल तर गाव तेव्हाच थोडं मुकं झालं.

रुख्माचं दुसरं बाळंतपण सासरीच झालं. सुमित्राबाई लुगडं-अंगडं घेऊन गेली, ओसरीवर बसली, नातवाला मांडीवर घेतलं. रुख्मानं पाणी दिलं, चहा दिला, "बाबा बरे आहेत?" विचारलं. बस. त्यापेक्षा भांडली असती तर बरं वाटलं असतं, असं सुमित्राबाई घरी येऊन म्हणाली.

बोडीतले शिंगूर वाढत होते. मग बिसनलालच्या घरची पाळी आली. त्याची सून मुन्नीबाई बाळंत झाली, ताप काही उतरेना, अंगात त्राण राहिलं नाही. बिसनलाल स्वतः सुमित्राबाईच्या दारात आला. पागोटं काढून हातात घेतलेलं, आवाज खाली.

"भौजी, मी कोनत्या तोंडानं मागू? पन सून मायी लेकीवानी आहे."

लेकीवानी! सुमित्राबाईच्याही दारात लेक होती, खरीखुरी. मग ती उठली, हाताला राख चोळली आणि बोडीवर गेली. दोन मोठे शिंगूर लोट्यात घालून आणले. लोटा देताना म्हणाली, "भाऊ, एक गोष्ट करा. तलावाचा पूर्वेचा कोपरा तुमी साफ करू नोका. देवधान येऊ द्या. तेथं जाळं बी नोको, ढेप बी नोको."

"झालं," बिसनलाल म्हणाला. आणि त्यानं ते पाळलं. सांगितलं ना, माणूस वाईट नव्हता. त्यानं त्या कोपऱ्याभोवती स्वतः बांबू ठोकले, आणि कवडूनं आपल्या पोरांना बजावलं की त्या बांबूच्या आत जाळं पडलं तर हात मोडीन. त्याच पावसाळ्यात सुमित्राबाईनं कवडूच्या मदतीनं बोडीतली टोपलीभर पिल्लं त्या कोपऱ्यात सोडली. बकाराम पाळीवर उभा राहून बघत होता. कुणीतरी म्हणालं, बकारामभाऊ, चिखलातला मासा शेवटी आला बरं वर. तो पागोट्याच्या शेवानं तोंड पुसून घराकडे गेला.

पण तीन कोसांवर बातमी पोचायला काय वेळ लागतो? मायनं लोकाच्या सुनेला शिंगूर दिले, हे रुख्माला कळलं. त्या वर्षी दिवाळीला ती माहेरी आली नाही. सुमित्राबाईनं करंज्या केल्या होत्या, त्या तशाच डब्यात राहून वास मारायला लागल्या. तिनं त्या गाईपुढे टाकल्या आणि दुपारभर तलावाच्या पाळीवर बसून राहिली. पूर्वेच्या कोपऱ्यात पोयनी फुलली होती. राख चोळून शिंगूर धरायला शिकणारी, रडून तलाव डोक्यावर घेणारी ती पोर तिला अजून तिथं कंबरभर पाण्यात दिसायची. आपण तिला कोणत्या भावात विकली, असं तिच्या मनात यायचं. आणि आलं की ती उठून कामाला लागायची, कारण बसून राहिलं तर वेड लागलं असतं.

साठ साली, ज्येष्ठाच्या सुरुवातीला, एका सकाळी दारात छपराची गाडी थांबली. आधी उतरल्या सुशीलाबाई, मग सात वर्षांची सेवंता, शेळीच्या दुधावर वाढलेली ती नात, आणि मग अवघडल्या अंगानं हळूच रुख्मा. सेवंताच्या पाठचा मुलगा घरीच राहिला होता.

सुशीलाबाईंनी ओसरीवर बसायच्या आधीच सांगून टाकलं. "चार गावं फिरली मी. एक शिंगूर नाई कोठी. दाई म्हन्ते यंदा हिच्यात जीव नाई, शिंगूर पायजेच. म्हून आनून राहिली. पोरगी तुमचीच आहे, शिंगूर बी तुमच्याकडेच आहेत."

सुमित्राबाईनं रुख्माकडे बघितलं. रुख्मा रांजणाकडे बघत होती. रांजण पुन्हा अंगणात होता, त्याच्या जुन्या जागी, तोंडाला ओलं फडकं बांधलेलं.

"कोनाचं बाळंतपन आहे?" रुख्मानं विचारलं.

"कोनाचंच नाई," सुमित्राबाई म्हणाली. "दर साली भरून ठेवतो. तू येशीन म्हनून."

रुख्मानं खांबाला हात टेकला आणि तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "पानी दे, माय." बस, एवढंच. पण 'माय' हा शब्द त्या घरात सात वर्षांनी ऐकू आला होता.

बाळंतपण सुखरूप झालं, मुलगा झाला. पाचवीला सुमित्राबाईनं राख चोळून शिंगूर काढले, काटे मोडले, जवसाच्या तेलावर लसूण टाकला, मिरे टाकले, पातळ रस्सा केला आणि मऊ भातावर ओतून वाटी लेकीसमोर ठेवली. रुख्मा जेवली. मान खाली घालून, वाटी पुसून खाल्ली. मग वाटी पुढे केली.

"अजून आहे का?"

"हंडीभर आहे," सुमित्राबाई म्हणाली आणि वळून चुलीकडे गेली, कारण चेहरा दाखवायचा नव्हता.

सव्वा महिन्यानं गाडी पुन्हा दारात लागली. निघताना सुशीलाबाई जरा आडवळणानं बोलल्या, ज्याची त्यांना सवय नव्हती. त्यांच्या शेतातही एक बोडी आहे म्हणे, गवत पुष्कळ आहे त्यात, पाणीही टिकतं. सुमित्राबाईला पुढचं ऐकायची गरजच पडली नाही. तिनं मडकं आणलं, तळाशी गाळ घातला, बोडीतून शिंगूर आणून सोडले, त्यांतली एक मादी गाभोळी भरलेली. तोंडाला ओलं फडकं बांधलं. आणि शेवटी, कुणी मागितली नव्हती तरी, शेंदराची पुडी सुशीलाबाईंच्या ओटीत टाकली. "काठाले एक गोटा उभा करा," ती म्हणाली, "पोरं भारी वंगाळ असतेत."

रुख्मा गाडीत बसली. तान्हा सासूकडे, मडकं तिच्या मांडीवर. सेवंताला राहवेना, तिनं फडक्याचं टोक हळूच उचललं आणि आत बोट घालायला गेली. रुख्मानं तिच्या हातावर चापट मारली.

"हात नोको लावू," ती म्हणाली. "तुया बाळंतपनाले आहेत ते."

सुमित्राबाई गाडीच्या दांडीला हात लावून उभी होती. तिनं ते ऐकलं. गाडी हलली, बैल पाळीच्या वाटेला लागले, आणि रुख्मा वळून बघत होती म्हणून सुमित्राबाईनं पदर डोळ्याला लावला नाही.